गाळले ते सांगा: नोंदणी-डेटाबेसच्या साधनकर्त्यांना अनावृत पत्र

इंटरनेटच्या पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्था आणि त्यांच्या डेटाबेससाठी कमांड लाइनवरची साधने घडवणारे अभियंते यांस,



इंटरनेटवरचा एखादा सार्वजनिक पत्ता कोणत्या संस्थेला दिलेला आहे, तो कोणत्या जाळ्यातून जाहीर होणे अपेक्षित आहे आणि त्यावरून गैरप्रकार घडल्यास दाद कोणाकडे मागायची, याची नोंद पाच प्रादेशिक संस्थांच्या डेटाबेसमध्ये ठेवलेली असते. युरोप, मध्यपूर्व आणि मध्य आशियाचा काही भाग ॲम्स्टरडॅमची राइप एनसीसी सांभाळते, आशिया-पॅसिफिकची जबाबदारी ब्रिस्बेनच्या एपनिककडे आहे, उत्तर अमेरिका, लॅटिन अमेरिका आणि आफ्रिका यांसाठी अनुक्रमे आरिन, लॅकनिक आणि आफ्रिनिक आहेत. भारतातील जाळ्यांना २०१२ पासून निक्सी या संस्थेच्या अखत्यारीतील राष्ट्रीय नोंदणीकडूनही पत्ते मिळतात. या डेटाबेसना प्रश्न विचारण्याचे जुने आणि अजूनही सर्वत्र हाताशी असलेले साधन म्हणजे टर्मिनलवर टाइप करायची हूइज ही कमांड होय. मेल सर्व्हर सांभाळणारा प्रशासक, सायबर पोलीस ठाण्यातला तपास अधिकारी, दोन जाळ्यांमधले मार्ग ठरवणारा अभियंता आणि रात्री कोणी न पाहता चालणारी स्क्रिप्ट हे चौघे एकाच उत्तराकडे पाहतात, पण प्रत्येकाला त्यातला निराळा तुकडा हवा असतो. त्यामुळे उत्तर गाळून देण्याचे पर्याय कसे असावेत, हा या साधनांच्या रचनेतला शोभेचा प्रश्न राहत नाही. गाळलेले उत्तर वाचणाऱ्याला आपल्यासमोर काय आलेले नाही हेही कळले पाहिजे, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र आहे.

गाळण्याच्या पर्यायांत तीन निराळी कामे एकत्र कोंबली जातात आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात. पहिले काम निवडीचे, म्हणजे डेटाबेसमधल्या कोणत्या नोंदी उत्तरात याव्यात हे ठरवण्याचे. दुसरे काटछाटीचे, म्हणजे आलेल्या नोंदीतले कोणते गुणधर्म, अर्थात नाव आणि मूल्य अशा जोडीने लिहिलेल्या कोणत्या ओळी, ठेवायच्या हे ठरवण्याचे. आणि तिसरे मांडणीचे, म्हणजे उरलेला मजकूर तक्त्यात द्यायचा, साध्या ओळींत द्यायचा की प्रोग्रॅमला सहज वाचता येणाऱ्या जेसन या रूपात द्यायचा हे ठरवण्याचे. निवड चुकली तर उत्तरच बदलते, काटछाट चुकली तर उत्तर अर्धवट राहते आणि मांडणी चुकली तर फार तर डोळ्यांना त्रास होतो. चुकांची किंमत अशी वेगवेगळी असूनही तिन्ही कामांचे पर्याय एकाच ओळीत, डॅशनंतरच्या एकेका अक्षराने मागितले जातात. राइपच्या डेटाबेसला विचारताना मोठे टी नोंदीचा प्रकार निवडते, तर मोठे के नोंदीची केवळ मुख्य किल्ली, म्हणजे तिला इतर नोंदींपासून वेगळे ओळखू देणारे मूल्य, ठेवून जवळजवळ बाकी सारे कापते. दोन्ही अक्षरे शेजारी शेजारी लिहिली जातात आणि त्यांतले कोणते प्रश्न बदलते व कोणते केवळ उत्तराला कात्री लावते, हे अक्षरांकडे पाहून कोणालाही कळणार नाही.

या गुंत्याला इतिहास आहे. हूइजचा पहिला लिखित नियम आरएफसी ८१२ या दस्तऐवजात मार्च १९८२ मध्ये आला. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यांत नोंदले जातात त्या क्रमांकित दस्तऐवजांची मालिका. केन हॅरेन्स्टीन आणि व्हिक व्हाइट यांनी तो लिहिला तेव्हा अर्पानेट या पूर्वजाळ्याची माहिती कॅलिफोर्नियातील एसआरआय संस्थेच्या एकाच केंद्रात असे आणि गाळण्याच्या खुणा प्रश्नातच मिसळलेल्या असत: उद्गारचिन्ह आधी दिले की केवळ ओळख-संकेत शोधला जाई, टिंब आधी दिले की केवळ नाव, शेवटी तीन टिंबे दिली की तिथून पुढे काहीही जुळलेले चाले आणि तारांकन दिले की गटाच्या सर्व सदस्यांची यादी सोबत येई. एका केंद्राच्या, एका यादीच्या काळात हे पुरेसे आणि काहीसे देखणेही होते. पुढे २००४ मध्ये आरएफसी ३९१२ने या जुन्या खुणा नियमातून वगळल्या आणि मागे उरला तो सांगाडा: क्लायंटने ४३ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी करावी, एक ओळ पाठवावी, सर्व्हरने मजकूर परत द्यावा आणि जोडणी तोडावी. उत्तर संपल्याची खूण म्हणजे जोडणी तुटणे, एवढेच. उत्तर पूर्ण आहे की मध्येच तुटले, नोंद सापडली नाही की दाखवण्यास नकार मिळाला, हे सांगण्याची वेगळी जागा या नियमात नाही. पर्याय कोणते असावेत याबद्दलही तो काही बोलत नाही, त्यामुळे प्रत्येक संस्थेने आपापली लिपी निर्माण केली. आरिनकडे अधिकचे चिन्ह म्हणजे पूर्ण तपशील आणि वजाचे चिन्ह म्हणजे सारांश, तर राइपकडे पर्यायांची संपूर्ण वर्णमाला.

टीका करण्यापूर्वी राइपच्या एका निर्णयाचे श्रेय द्यायला हवे. तिथला सर्व्हर नेहमीच्या उत्तरातून ई-मेलचे पत्ते आणि बदलाची सूचना कोणाला पाठवायची ते सांगणाऱ्या ओळी आपणहून वगळतो, जेणेकरून जाहिरातबाजांना पत्ते आयते मिळू नयेत; पण वगळल्याचे तो लपवत नाही. उत्तराच्या माथ्यावर हे उत्तर गाळलेले असल्याची सूचना येते, डेटाबेसमध्ये बदल करण्यासाठी मूळ नोंद हवी असल्यास मोठे बी वापरावे असे तीच सूचना सांगते आणि शिवाय प्रत्येक नोंदीच्या शेवटच्या 'सोर्स' या ओळीवर 'फिल्टर्ड' असा शेरा मारलेला असतो. या शेऱ्याचे महत्त्व कामाच्या रीतीत आहे. नोंद बदलायची असेल तर ती आधी मागवून, तिच्यात दुरुस्ती करून, पुन्हा संपूर्ण पाठवायची अशी पद्धत आहे. कोणी गाळलेली नोंदच दुरुस्त करून परत पाठवली, तर न दिसलेल्या ओळी डेटाबेसमधूनही जातील. माथ्यावरची सूचना कॉपी करताना सहज मागे राहते, नोंदीच्या अंगावरचा शेरा मात्र तिच्याबरोबर प्रवास करतो. गाळण्याची खूण गाळलेल्या वस्तूलाच चिकटलेली असावी, हे तत्त्व इथे फार पूर्वी अमलात आले आणि नंतरच्या बहुतेक साधनांनी त्याकडे पाठ फिरवली, ही खेदाची गोष्ट आहे.

श्रेय दिल्यावर उणेही सांगितले पाहिजे. त्याच डेटाबेसमध्ये नोंद सांभाळणाऱ्याच्या पासवर्डचा कूट ठसा दाखवण्याच्या जागी 'फिल्टर्ड' हाच शेरा छापला जात असे. तिथे ओळ असे पण मूल्य झाकलेले; 'सोर्स'वरच्या शेऱ्याचा अर्थ मात्र अन्य काही ओळी समूळ गैरहजर आहेत असा. एकाच शेऱ्याने दोन निराळ्या गोष्टी सांगितल्या की प्रोग्रॅमला त्यातून काहीच ठामपणे काढता येत नाही. दुसरी अडचण नावांची. मोठ्या बीचे विस्तृत नाव 'नो-फिल्टरिंग' असे आहे, म्हणजे नसण्याचे नसणे मागायचे. लहान आरचे 'नो-रेफरन्स्ड', आणि वैयक्तिक माहितीसाठी 'नो-पर्सनल' व 'शो-पर्सनल' अशी जोडी. नकार जिथे पर्यायाच्या नावातच आहे तिथे स्क्रिप्टमध्ये तो पर्याय अटीने लावणाऱ्याला दुहेरी नकार मनात फिरवत बसावे लागते. पर्यायाचे नाव हवे त्या गोष्टीवरून असावे आणि तिचा नकार त्याच नावाला लागणाऱ्या एकाच ठरलेल्या उपसर्गाने व्हावा, इतका साधा नियमही पुरतो.

लहान आरची गोष्ट मात्र नावापुरती नाही. पत्त्याची नोंद मागितली की तिच्यात ज्या संपर्क-व्यक्तींचा उल्लेख असतो त्यांच्या नोंदीही, लहान आर दिले नसेल तर, राइपचा सर्व्हर न मागता जोडून देतो, आणि वैयक्तिक माहितीच्या अशा नोंदी एका पत्त्यावरून दिवसात किती मागवता येतील याला मर्यादा आहे. म्हणजे एखादी स्क्रिप्ट केवळ पत्त्यांचा पल्ला जाणण्यासाठी शेकडो प्रश्न विचारते, नको असलेल्या व्यक्तींच्या नोंदी गोळा करते, पुढच्या पायरीवर त्या फेकून देते आणि शेवटी तिलाच दाराबाहेर ठेवले जाते. गाळणे सर्व्हरकडे झाले की क्लायंटकडे, हा केवळ वेगाचा प्रश्न मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. मागून घेऊन टाकून दिलेली वैयक्तिक माहिती मागितलेलीच धरली जाते, आणि तसे धरणे योग्यही आहे. साधनाने म्हणून आपल्या पर्यायांच्या माहितीपत्रकात प्रत्येक पर्यायापुढे तो कुठे लागू होतो हे लिहावे. ज्या काटछाटीसाठी सर्व्हरकडे सोय आहे ती क्लायंटने मुकाट्याने आपल्याकडे ओढू नये.

क्लायंट आणि सर्व्हर यांच्यात पर्यायांची वाटणी नसल्याचा आणखी एक परिणाम वापरणाऱ्याच्या बोटांना भोगावा लागतो. लिनक्सवर सामान्यतः मार्को दित्री यांनी लिहिलेला हूइज असतो आणि तो राइपच्या धर्तीचे पर्याय ओळखून सर्व्हरकडे पोहोचवतो. तिथे लहान आर म्हणजे संपर्कांच्या नोंदी नकोत, लहान एल म्हणजे एक पायरी व्यापक पल्ला हवा, लहान एम म्हणजे एक पायरी आतले पल्ले हवेत आणि लहान बी म्हणजे पल्ला व तक्रारीचा संपर्क एवढेच थोडक्यात हवे. फ्रीबीएसडी या प्रणालीवरच्या हूइजमध्ये हीच चार अक्षरे कोणत्या डेटाबेसला विचारायचे ते ठरवतात: आर म्हणजे राइप, एल म्हणजे लॅकनिक, एम म्हणजे मार्गांची नोंद ठेवणारा आरएडीबी आणि बी म्हणजे गैरवापराच्या तक्रारींचा एक स्वतंत्र संग्रह. एका यंत्रावर उत्तर लहान करणारे अक्षर दुसऱ्या यंत्रावर भलत्याच खंडातल्या डेटाबेसकडे प्रश्न पाठवते, आणि दोन्हीकडून काहीतरी उत्तर येतेच, त्यामुळे चूक ध्यानात येत नाही. रूढ झालेली अक्षरे आता मागे घेता येणार नाहीत, कारण जगभरच्या स्क्रिप्ट त्यांवर उभ्या आहेत. पण नव्या साधनाने एकाक्षरी पर्याय शक्यतो वापरूच नयेत आणि सर्व्हरला द्यायचे ते सर्व्हरचे म्हणून वेगळ्या नावाखाली द्यावे, हे तरी शक्य आहे.

आता ज्या ठिकाणी सर्वाधिक नुकसान होते तिकडे वळावे. हूइजच्या उत्तरात नोंदींखेरीज बराच मजकूर असतो: वापराच्या अटी, सर्व्हरचे नाव, सूचना. राइप आणि एपनिक यांच्या उत्तरांत अशा ओळी टक्क्याच्या चिन्हाने सुरू होतात, म्हणून ज्याला केवळ नोंद हवी तो ग्रेप या, ओळी निवडणाऱ्या जुन्या युनिक्स साधनाला सांगून टक्क्याच्या सर्व ओळी उडवतो. ही युक्ती इतकी रूढ आहे की तिचा दोष कोणाला दिसत नाही. राइपचा सर्व्हर 'नोंद सापडली नाही' हा १०१ क्रमांकाचा दोषसंदेश टक्क्याच्या ओळीतच देतो आणि 'मर्यादा ओलांडल्याने प्रवेश नाकारला' हा २०१ क्रमांकाचा संदेशही टक्क्याच्या ओळीतच. दोन्ही ओळी उडाल्या की हाती येते कोरे उत्तर, आणि त्या कोरेपणाला दोन अगदी उलट अर्थ असतात: एकात पत्ता कोणाच्या नावावर नाही, दुसऱ्यात तो असेलही, पण विचारणाऱ्याला सांगितले गेले नाही. तपास अधिकाऱ्याच्या अहवालात यातला चुकीचा अर्थ लिहिला गेला तर दोष ग्रेपचा नाही आणि अधिकाऱ्याचाही नाही. अटींचा कंटाळवाणा मजकूर आणि नकाराची बातमी एकाच चिन्हाच्या आड ठेवणाऱ्या रचनेचा तो दोष आहे. नोंदी प्रमाण-आउटपुटवर, सूचना व दोषसंदेश त्यासाठीच असलेल्या वेगळ्या वाहिनीवर, आणि कार्यक्रम संपताना परत द्यायचा अंक अर्थपूर्ण, ही युनिक्सची जुनी रीत इथे पाळली गेलेली नाही. ग्रेप स्वतः ती पाळतो: काही जुळले तर शून्य, काही जुळले नाही तर एक, आणि खरी चूक झाली तर त्याहून मोठा अंक. ग्रेप ज्याच्या उत्तरावर लावला जातो त्या साधनाने एवढे तरी त्याच्याकडून घ्यावे.

मजकूर ओळींवरून गाळण्याचे दुसरे धोके थोडक्यात सांगता येतील. राइप आणि एपनिक यांच्या डेटाबेसची भाषा आरपीएसएल ही १९९९च्या आरएफसी २६२२मध्ये सांगितलेली आहे आणि तिच्यात एका गुणधर्माचे मूल्य अनेक ओळींवर पसरू शकते. पुढची ओळ रिकाम्या जागेने, टॅबने किंवा अधिकच्या चिन्हाने सुरू झाली की ती मागच्या ओळीचाच भाग असते. गुणधर्माच्या नावावरून ओळी निवडणाऱ्याला अशा नोंदीची पहिली ओळ मिळते आणि शेपूट हरवते; मार्गांचे धोरण सांगणाऱ्या लांबलचक ओळींत तर नेमका अपवाद शेपटीत असतो. पत्ते अक्षरे म्हणून जुळवणे हेही तसेच: १०.१ शोधणाऱ्याला ११०.१ सापडतो, कारण पत्ता ही संख्या आहे आणि शोधणारा तिला शब्द समजतो. एखाद्या पल्ल्याला समाविष्ट करणारे आणि त्याच्या आत येणारे पल्ले असा भेद जाणणारे पर्याय सर्व्हरकडे आहेतच. क्लायंटकडे गाळण्याचा पर्याय द्यायचा असेल तर त्यालाही हा भेद कळला पाहिजे, नाहीतर तो देऊच नये.

दित्री यांच्या हूइजमध्ये मोठ्या एचचा एक पर्याय आहे, जो नोंदणी-संस्थांच्या कायदेशीर अटींचा मजकूर लपवतो. लोकांना तो हवा होता यात नवल नाही, काही संस्थांच्या अटी नोंदीपेक्षा लांब असतात. तो चालतो कसा, तर निरनिराळ्या संस्थांच्या अटी कोणत्या वाक्याने सुरू होतात व कोणत्या वाक्यावर संपतात याची यादी प्रोग्रॅममध्येच लिहिलेली आहे. संस्थेच्या वकिलाने एक वाक्य बदलले की पर्याय निकामी होतो. हे कौशल्य वाया गेलेले कौशल्य आहे आणि त्याचा ठपका क्लायंटच्या लेखकावर ठेवता येत नाही; अटी ओळखण्याची खूण मूळ उत्तरात देणे हे संस्थांचे काम होते.

कोऱ्या उत्तराचा प्रश्न जिथे सर्वांत गंभीरपणे हाताळला गेला आहे ते उदाहरण मार्गांच्या फिल्टरचे आहे. प्रत्येक मोठ्या जाळ्याला एक स्वायत्त-जाळे क्रमांक असतो आणि शेजारच्या जाळ्याकडून कोणते पल्ले स्वीकारायचे याची यादी राउटरमध्ये भरलेली असते. ती नसली म्हणजे काय होते ते २४ फेब्रुवारी २००८ रोजी दिसले: पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत बंदीसाठी यूट्यूबच्या २०८.६५.१५३.०/२४ या पल्ल्याची घोषणा केली, तिच्या वरच्या पुरवठादाराने ती न अडवता जगाला दिली आणि जगभरचे यूट्यूब सुमारे दोन तास त्या बोळात अडकले. अशा याद्या नोंदणी-डेटाबेसमधून तयार करण्यासाठी बीजीपीक्यू३ आणि त्याचा वारस बीजीपीक्यू४ ही कमांड लाइनची साधने वापरली जातात. त्यांना जाळ्यांच्या गटाचे नाव दिले की ती डेटाबेसला विचारून पल्ले गोळा करतात आणि राउटरच्या भाषेत यादी छापतात. गटात एकही पल्ला सापडला नाही तर काय छापावे? सहज सुचणारे उत्तर म्हणजे काहीच नाही. पण सिस्कोच्या राउटरवर ज्या यादीचा उल्लेख आहे आणि जी अस्तित्वातच नाही ती सगळे काही स्वीकारते, म्हणजे कोरे उत्तर इथे कुलूप न लावण्यासारखे ठरले असते. या साधनांनी म्हणून यादी रिकामी असल्याचा शेरा छापून खाली नकाराची स्पष्ट ओळ दिली. 'काही सापडले नाही' हेही एक उत्तर आहे, ते शब्दांत दिले पाहिजे आणि ज्या यंत्राने ते वाचायचे त्या यंत्राला सुरक्षित ठरेल अशा रूपात दिले पाहिजे, याची यापेक्षा नेटकी मांडणी या क्षेत्रात दुसरी नाही.

हूइजची जागा आता आरडॅप घेत आहे. हा नवा नियम २०१५ मध्ये आला, तो वेबच्याच एचटीटीपी वाहिनीने प्रश्न नेतो आणि जेसनमध्ये उत्तर आणतो. डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण वर्गातल्या नावांच्या नोंदीसाठी, अशा नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनने २८ जानेवारी २०२५ पासून आरडॅपलाच अधिकृत मानले आहे. नोंद नसल्याचा संकेत आणि प्रश्नांची मर्यादा ओलांडल्याचा संकेत इथे वेगळे आहेत, अनुक्रमे ४०४ आणि ४२९, त्यामुळे टक्क्याच्या ओळींचा गोंधळ मुळातच मिटतो. फेब्रुवारी २०२१च्या आरएफसी ८९८२ने क्लायंटला नोंदीचा केवळ संकेत, थोडक्यात रूप किंवा पूर्ण रूप मागण्याची सोय दिली आणि सर्व्हरने यातले कोणते रूप दिले हे उत्तरातच लिहिण्याची तरतूद केली. त्याहून महत्त्वाचा मार्च २०२४चा आरएफसी ९५३७. गोपनीयतेच्या कायद्यांमुळे झाकलेल्या प्रत्येक गुणधर्माची यादी उत्तरासोबत द्यावी आणि तो समूळ काढला आहे, रिकामा ठेवला आहे, अंशतः झाकला आहे की त्याच्या जागी दुसरे मूल्य ठेवले आहे, हेही सांगावे, असे हा नियम म्हणतो. 'फिल्टर्ड' या एका शेऱ्यात मिसळलेले अर्थ इथे वेगवेगळे झाले. उत्तर तोकडे का झाले याची कारणे सांगणाऱ्या आरडॅपच्या ठरलेल्या वाक्यांच्या यादीत अधिकार नसल्यामुळे आणि अतिभारामुळे यांच्या जोडीला 'समजावता न येणाऱ्या कारणांमुळे' अशीही एक नोंद आहे, आणि अशी कबुली देणारा तांत्रिक नियम विरळाच म्हणावा लागेल.

पण सर्व्हरने सांगितलेले कमांड लाइनवर पोहोचते का, हा प्रश्न साधनकर्त्यांचा आहे. आरडॅपच्या उत्तरात संपर्क जेकार्ड नावाच्या रचनेत असतो, जिच्यात ई-मेल हा नावाने उघडता येणारा कप्पा नसतो. याद्यांच्या यादीत पहिला घटक ई-मेल असलेली यादी शोधून तिचा चौथा घटक घ्यावा लागतो, आणि तक्रारीचा संपर्क तर पुष्कळदा एका संस्थेच्या नोंदीच्या पोटात दडलेल्या दुसऱ्या नोंदीत असतो. म्हणून 'जेसन दिले आहे, जेक्यू वापरून हवे ते काढा' हे उत्तर जबाबदारी झटकणारे आहे. जेक्यू हे जेसन गाळण्याचे उत्तम साधन आहे, तरी गुणधर्म मूळ नोंदीत नव्हता, सर्व्हरने झाकला की फिल्टर लिहिताना वाट चुकली, या तिन्ही वेळी ते पुष्कळदा निमूटपणे 'नल' एवढेच छापते. साधनाने एखादा गुणधर्म नावाने मागण्याची सोय दिली, तर या तीन अवस्था वेगळ्या दाखवणे हे त्याचे काम आहे, कारण त्या वेगळ्या ओळखण्याइतकी माहिती केवळ त्याच्याकडेच असते.

पर्यायांच्या क्रमाचाही प्रश्न असाच दुर्लक्षित राहतो. पहिल्या दहा नोंदी द्या आणि त्यांतल्या भारतातल्याच ठेवा, असे दोन पर्याय एकत्र दिले तर आधी कोणता लागू होतो? सर्व्हरने दहा मोजून दिल्या आणि क्लायंटने नंतर गाळल्या तर हाती दोनच येतील आणि भारतात दोनच नोंदी आहेत असे वाचणारा समजेल. मोजणी गाळण्यानंतरच झाली पाहिजे. ते शक्य नसेल तर किती पाहिल्या आणि किती ठेवल्या हे दोन्ही आकडे दिले पाहिजेत.

मराठी वाचकाला थेट भिडणारी एक बाब इथे येते. हूइजचा नियम अक्षरसंचाबद्दल मौन बाळगतो, राइपचा डेटाबेस पश्चिम युरोपच्या लॅटिन-१ या संचात आहे, त्यामुळे देवनागरी नाव त्यात मावतच नाही. आरडॅपचे जेसन मात्र युनिकोडमध्ये असते, आणि २०१४ पासून खुले झालेले डॉट भारत हे देवनागरी क्षेत्रनाम मराठीसाठीही आहे. म्हणजे देवनागरी मजकूर या साधनांच्या वाटेवर आहे. तक्त्याच्या स्तंभात मजकूर बसवण्यासाठी तो ठरावीक लांबीवर तोडणारी साधने लांबी बाइटमध्ये मोजतात किंवा फार तर संकेतांकात, म्हणजे युनिकोडमधल्या एकेका चिन्हात. 'क्षि' हे वाचणाऱ्याला एक अक्षर आहे, पण त्यात चार संकेतांक आणि यूटीएफ-८मध्ये बारा बाइट असतात. बाइटवर तोडले तर कचरा उरतो, संकेतांकावर तोडले तर 'क्षि'चा 'क्ष' किंवा नुसता 'क्' होतो आणि ते दुसरेच पण शुद्ध दिसणारे नाव असते. दुसरा प्रकार अधिक घातक, कारण तो दिसत नाही. तोडायचेच असेल तर वाचकाच्या अक्षरावर तोडावे, तोडल्याची खूण लावावी आणि आउटपुट पाइपमध्ये किंवा फाइलमध्ये जात असेल तेव्हा मुळीच तोडू नये. टर्मिनल आणि पाइप यांत रंगाचा फरक असावा, मजकुराचा नसावा.

या साऱ्यावरून नवे साधन करणाऱ्यांकडे आणि जुन्याची देखभाल करणाऱ्यांकडे मागायचे ते फार नाही. निवड, काटछाट आणि मांडणी यांचे पर्याय नावांवरून वेगळे ओळखू यावेत. कोणता पर्याय सर्व्हरकडे लागू होतो आणि कोणता क्लायंटकडे, हे लिहिलेले असावे. नोंद नसणे, नकार मिळणे आणि जोडणी तुटणे यांना तीन वेगळे परतीचे अंक असावेत. आणि एकदा प्रसिद्ध केलेल्या पर्यायाचा मूलभूत अर्थ पुढच्या आवृत्तीत बदलू नये, कारण तो कुठल्या स्क्रिप्टमध्ये रुजला आहे हे त्याच्या लेखकाला कधीच कळत नाही. या सर्वांआधीची गोष्ट म्हणजे गाळलेल्या प्रत्येक उत्तरासोबत, प्रमाण-आउटपुटबाहेरच्या वाहिनीवर, एक ओळ असावी: इतक्या नोंदी आल्या, इतक्या ठेवल्या, इतके गुणधर्म वगळले, आणि ते कोणी वगळले. ज्यांना ही ओळ नको त्यांना ती बंद करता यावी, पण ती बंद करणे हे त्यांनी उच्चारून मागितलेले असावे. बाकीच्या सुधारणांना वेळ लागेल, काहींसाठी पाचही संस्थांचे एकमत लागेल. ही एक ओळ मात्र कोणाच्या परवानगीवाचून पुढच्याच आवृत्तीत देता येते, आणि ती द्यावी, ही विनंती.

कळावे.